मोठ्या हॉलमध्ये दोन स्पीकरांचा आवाज सुधारताना

छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड या शहरांत अलीकडे बांधल्या जाणाऱ्या स्वतंत्र घरांमध्ये दिवाणखाना आणि जेवणाची जागा एकत्र करून एकच लांबलचक हॉल काढण्याची पद्धत रूढ झाली आहे. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, बाजूला पुट्टी मारलेल्या गुळगुळीत भिंती, वर सिमेंटचा स्लॅब आणि एका अंगाला सरकत्या काचांची मोठी खिडकी अशा या हॉलमध्ये, दुकानात उत्तम वाजलेले स्पीकर आणून ठेवले की निराशा पदरी येते. गायकाचे शब्द पुसट होतात, तबल्याचा ठोका आणि त्याची आस एकमेकांत मिसळून जातात, खर्ज कोपऱ्यात घुमत राहतो पण सोफ्यापर्यंत पोहोचत नाही. यावर बहुतेक जण आवाज वाढवतात आणि तेवढ्याने भागले नाही की मोठा अ‍ॅम्प्लिफायर विकत घेतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. मोठ्या हॉलमध्ये पहिला बदल अंतरात करावा, दुसरा फरशी आणि भिंतींत, तिसरा खर्जाच्या बाबतीत, आणि यंत्राच्या खरेदीचा विचार त्यानंतर करावा. कारण पहिल्या बदलाला काहीच खर्च येत नाही आणि फरक मात्र त्यानेच सर्वांत जास्त पडतो.

पुढील विवेचनासाठी २६ फूट लांब, १६ फूट रुंद आणि साडेदहा फूट उंच असा एक हॉल डोळ्यांसमोर ठेवू. मीटरमध्ये हे माप साधारण ७.९, ४.९ आणि ३.२ असे येते, म्हणजे हॉलचे घनफळ सुमारे १२४ घनमीटर होते. आपल्या हॉलचे माप वेगळे असेल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

आधी हॉल ओळखावा

रात्री पंखे आणि कूलर बंद करून, खिडक्या लावून हॉलच्या मध्यभागी उभे राहावे आणि एकदाच जोरात टाळी वाजवावी. टाळीनंतर ‘टर्रर्र’ असा कोरडा थरथराट ऐकू आला तर दोन समोरासमोरच्या मोकळ्या भिंतींमध्ये आवाज ये-जा करत आहे असे समजावे. थरथराट नसून आवाज लांबत, विरत जात असेल तर तो संपूर्ण हॉलचा घुमारा असतो. नव्या घरांत बहुधा हे दोन्ही दोष एकत्र आढळतात.

घुमारा संगीताला नेहमीच मारक असतो असे नाही. वेरूळच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे विश्वकर्मा चैत्यगृहात, अर्धगोल छताखाली कोणी एखादा स्वर लांबवला तर तो स्वर दगडात भरून राहतो आणि ऐकणारा थक्क होतो. पण त्याच ठिकाणी मार्गदर्शक भरभर बोलू लागला की चार पावलांवर उभ्या असलेल्या माणसाला शब्द वेगळे करता येत नाहीत. ध्वनिमुद्रणात मूळ गायनाच्या जागेचा घुमारा आधीच नोंदलेला असतो. त्यावर आपल्या हॉलने स्वतःचा घुमारा चढवला की द्रुत लयीतील तान आणि तबल्याचे बोल एकमेकांवर साचत जातात.

घुमाऱ्याचे गणित हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबाइन या प्राध्यापकाने मांडले. विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे समजत नसे, म्हणून १८९५ मध्ये ते काम त्याच्याकडे आले. ऑर्गनच्या नळीचा स्वर, स्टॉपवॉच आणि स्वतःचे कान एवढ्या साधनांवर, रात्रीच्या शांततेत, जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून तो एकेक करून मांडत गेला आणि गाद्या वाढतील तसा आवाज किती लवकर विरतो याची नोंद ठेवत गेला. त्यातून निघालेला नियम असा, की घुमाऱ्याचा काळ सेकंदांत काढायचा असेल तर खोलीच्या घनफळाला ०.१६१ ने गुणावे आणि खोलीतील एकूण शोषणाने भागावे. शोषण मोजण्यासाठी त्याने उघडी खिडकी हे माप धरले, कारण उघड्या खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही. एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे शोषणाचा एक एकक.

आपल्या १२४ घनमीटरच्या हॉलसाठी हा हिशेब सोपा होतो: २० ला शोषणाने भागावे. हॉल पूर्ण रिकामा असेल तर टाइल्स, प्लास्टर आणि काच मिळून जेमतेम ८ एकक शोषण भरते, म्हणजे घुमारा अडीच सेकंदांचा होतो. सोफा, साधे पडदे, लाकडी दारे आणि थोडे सामान आले की शोषण सुमारे १६ वर जाते आणि घुमारा सव्वा सेकंदावर येतो. घरी संगीत ऐकण्यासाठी तो साधारण ०.४ ते ०.७ सेकंद असावा, म्हणजे शोषण किमान २८ ते ३० पर्यंत न्यायला हवे. हे आकडे ढोबळ आहेत. शोषण स्वराच्या उंचीनुसार बदलते. तरीही किती मजल मारायची आहे याचा अंदाज त्यातून येतो, आणि भिंतीवर एखादे शोभेचे पॅनेल टांगून काम भागणार नाही हे आधीच कळते.

जुन्या वाड्यात किंवा माळवदाच्या घरात राहणाऱ्यांना या बाबतीत निसर्गतः सवलत मिळालेली असते. तुळया, त्यांवरील लाकडी फळ्या, कोनाडे आणि मातीचा गिलावा यांमुळे आवाज एकाच दिशेने परत फिरत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि धाराशिवच्या पट्ट्यात दगड-मातीच्या घरांवरचा लोकांचा विश्वास उडाला आणि सिमेंटचे बांधकाम झपाट्याने पसरले. ते योग्यच झाले, जिवापुढे आवाजाची काय मातब्बरी. मात्र त्या मऊ, ओबडधोबड पृष्ठभागांबरोबर गेलेले शोषण नव्या हॉलमध्ये आपल्याला हाताने परत आणावे लागते.

स्पीकर आणि श्रोता यांमधील अंतर

मोठ्या हॉलमध्ये हमखास दिसणारी मांडणी अशी असते: स्पीकर एका टोकाला भिंतीला टेकलेले किंवा शोकेसच्या कप्प्यात बसवलेले, आणि सोफा १५ ते १८ फुटांवर दुसऱ्या टोकाला. एवढ्या अंतरावर श्रोत्याला स्पीकर ऐकू येत नाही, हॉल ऐकू येतो. सव्वा सेकंद घुमाऱ्याच्या आपल्या उदाहरणातील हॉलमध्ये, मानवी आवाजाच्या पट्ट्यात, स्पीकरपासून जेमतेम मीटर-सव्वा मीटर अंतरापलीकडे गेले की भिंती आणि छतावरून परतलेल्या आवाजाचे प्रमाण थेट येणाऱ्या आवाजापेक्षा जास्त होते. थेट आवाज अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबलने घटतो, परतलेला आवाज मात्र हॉलभर जवळपास सारखाच राहतो. आवाजाचे बटण फिरवल्याने हे दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढतात, त्यांच्यातील प्रमाण सुधारत नाही. ते सुधारण्याचे दोनच मार्ग आहेत: जवळ बसणे आणि परतणारा आवाज कमी करणे.

म्हणून संपूर्ण हॉल आवाजाने भरण्याचा अट्टाहास सोडून हॉलच्या एका भागात ऐकण्याची जागा ठरवावी. आपल्या उदाहरणात १६ फुटांची आखूड भिंत पाठीशी घेऊन स्पीकर हॉलच्या लांबीच्या दिशेने तोंड करून ठेवावेत. दोन्ही स्पीकरांचा पुढचा पृष्ठभाग मागच्या भिंतीपासून सव्वातीन फूट पुढे असावा, एकमेकांतील अंतर सव्वाआठ फूट असावे आणि श्रोत्याचे डोकेही प्रत्येक स्पीकरपासून तेवढ्याच, म्हणजे सव्वाआठ फुटांवर यावे. असा समभुज त्रिकोण मांडला की श्रोता स्पीकरांमागील भिंतीपासून सुमारे साडेदहा फुटांवर येतो आणि त्याच्या पाठीमागे पंधरा फूट मोकळी जागा उरते. ही मागची मोकळी जागा हाच मोठ्या हॉलचा खरा लाभ आहे: मागील भिंतीवरून परतणारा आवाज इतका उशिरा आणि क्षीण होऊन येतो की तो मूळ आवाजाला चिकटत नाही. लहान खोलीत कितीही पैसा ओतला तरी हे मिळत नाही.

अंतरे टेपने मोजावीत, पावलांनी नव्हे. दोन स्पीकरांपासून श्रोत्याच्या जागेपर्यंतच्या अंतरात दोन-तीन इंचांचाही फरक राहिला तर गायकाचा आवाज मधोमध उभा न राहता एका बाजूला सरकतो. स्पीकर किंचित आत वळवावेत, इतके की त्यांच्या रोखाच्या रेषा श्रोत्याच्या डोक्यामागे फूटभर अंतरावर एकमेकींना छेदतील. मांडणी पटली की स्पीकरच्या पायांच्या जागी फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा कराव्यात, कारण झाडू-पोछा करताना स्पीकर हलतातच.

उंचीकडे आपल्याकडे विशेष लक्ष द्यायला हवे. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधील उंच स्वर वाजवणारा छोटा भाग, कानाच्या पातळीत असावा हा नियम सर्वत्र सांगितला जातो, पण तो सोफ्यावर बसणाऱ्यांना धरून सांगितलेला असतो. सोफ्यावर बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साधारण ३६ ते ३८ इंचांवर असतो. गादी आणि लोड-तक्क्यांच्या बैठकीवर तोच २८ ते ३० इंचांवर येतो. म्हणजे बुकशेल्फ प्रकारच्या (आकाराने लहान, स्टँडवर ठेवायच्या) स्पीकरला सोफ्यासाठी २४ ते २८ इंचांचा स्टँड लागत असेल तर बैठकीसाठी १८ इंच पुरतात. स्टँड सुताराकडून करून घेता येतो. त्याचा खांब पोकळ ठेवून त्यात उन्हात पूर्ण वाळवलेली, चाळलेली वाळू भरावी, म्हणजे तो स्वतः थरथरत नाही. स्पीकर आणि स्टँड यांच्यामध्ये चारही कोपऱ्यांना रबराचे छोटे तुकडे द्यावेत. उंच टॉवर स्पीकर आधीच घेतलेले असतील आणि बैठक जमिनीवर असेल, तर पुढचे पाय खाली करून किंवा मागून उचल देऊन स्पीकर किंचित पुढे झुकवावा. मात्र लहान मुले असलेल्या घरात हे करू नये.

स्पीकर शोकेसच्या वर, छताच्या जवळ ठेवण्याची सवय कृपया मोडावी. तेथून आवाज आधी छतावर आणि मग माणसांवर पडतो. टीव्ही दोन स्पीकरांच्या मध्ये असेल तर स्पीकर त्याच्या काचेपेक्षा फूटभर तरी पुढे असावेत.

जागा ठरली की वायरींची जोडणी तपासावी, कारण एकाच स्पीकरच्या लाल-काळ्या टोकांची अदलाबदल झालेली घरे पुष्कळ आढळतात. आकाशवाणीच्या बातम्या लावाव्यात. निवेदकाचा आवाज दोन्ही स्पीकरांच्या मधल्या रिकाम्या जागेतून यायला हवा. तो कोठून येतो हेच समजत नसेल आणि खर्जही गायब असेल तर एका स्पीकरच्या दोन वायरी उलट करून पुन्हा ऐकावे. वायरीसाठी घरगुती वायरिंगची अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर उत्तम चालते; दहा मीटर लांबीला जाऊन-येऊन तिचा रोध सुमारे ०.१४ ओहम होतो आणि ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. हजारो रुपयांच्या वायरींवर खर्च करण्यापेक्षा तीच रक्कम पुढील कामासाठी राखून ठेवावी.

फरशी, भिंती आणि गादी

स्पीकर आणि श्रोता यांच्यामधील फरशी हा सर्वांत जवळचा परावर्तक पृष्ठभाग असतो. तेथे जाड सतरंजी, तिच्याखाली दोन घड्यांची जुनी घोंगडी किंवा गोधडी, किंवा दाट लवीचा गालिचा अंथरावा. ९ बाय १२ फुटांचा जाड गालिचा आपल्या हिशेबात तीन-चार एकक शोषण देतो. पातळ जाजमाचा उपयोग फार थोडा.

त्यानंतर बाजूच्या भिंती. श्रोत्याच्या जागी एकाने बसावे आणि दुसऱ्याने कानाच्या उंचीवर आरसा धरून भिंतीला लावून सरकवत न्यावा. बसलेल्याला आरशात ज्या ठिकाणी स्पीकरचा ट्वीटर दिसेल, त्या ठिकाणावरून आवाजाचे पहिले परावर्तन होते. आपल्या मांडणीत ही जागा स्पीकरांमागील भिंतीपासून साधारण साडेपाच फुटांवर येते. तेथे दोन्ही बाजूंना शोषक पॅनेल लावावे. जेथे एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला मोकळी जेवणाची जागा असते, तेथे भिंतीच्या बाजूला हे पॅनेल दुपटीने मोठे करावे, नाहीतर आवाज सतत भिंतीकडे ओढलेला वाटतो.

पॅनेल घरीच होते. ४ बाय २ फुटांची लाकडी चौकट, तीत दोन इंच जाडीचा, घनमीटरला ४८ किंवा ६४ किलो घनतेचा रॉकवूलचा (दगडी तंतूंच्या लोकरीचा) स्लॅब, वरून हवा खेळेल असे सुती कापड, आणि भिंतीपासून दोन इंच पोकळी सोडून टांगणी. कापडातून फुंकर मारली असता हवा पलीकडे गेली पाहिजे. रेक्झिन किंवा प्लास्टिकचा थर असलेले कापड लावले तर उंच स्वर परत फिरतात. रॉकवूल हाताळताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे आणि तोंडाला मास्क वापरावा, कारण त्याचे तंतू कातडीला आणि श्वासाला त्रास देतात. अशी सहा पॅनेले साडेचार एकक शोषण देतात.

ज्या प्रदेशात कापूस पिकतो तेथे मला दुसरा मार्ग अधिक जवळचा वाटतो. सॅबाइनने ज्या गाद्यांवर आपला नियम बांधला त्याच जातीची वस्तू आपल्या प्रत्येक घरात माळ्यावर पडून असते. पिंजलेल्या कापसाची चार इंच जाडीची गादी हे मध्यम आणि उंच स्वरांसाठी अतिशय उत्तम शोषक आहे. गादीवाल्याकडून जुना कापूस पिंजून घेऊन भिंतीच्या मापाची, दर सहा इंचांवर टाके घातलेली गादी शिवून घ्यावी, म्हणजे कापूस खाली घसरत नाही, आणि ती चौकटीत बसवून उभी करावी. फार दाबून भरू नये. हवा आत शिरली तरच ध्वनीची ऊर्जा तंतूंच्या घर्षणात जिरते. दरवर्षी एप्रिलच्या उन्हात ती दोन दिवस तापवावी, उंदीर-कसरीपासून जपावी, आणि समई, उदबत्ती किंवा विजेच्या सॉकेटजवळ कधीही लावू नये.

खिडकीच्या काचेवर पडदा हवाच, पण तो ताणून नव्हे तर खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापड घेऊन, भरपूर चुण्या पाडून लावावा. जाड कापडाचा असा दहा बाय नऊ फुटांचा पडदा चार एकक शोषण देतो. टाळीचा थरथराट मोडण्यासाठी समोरासमोरच्या दोन भिंतींपैकी एकीवर पुस्तकांची उघडी मांडणी ठेवावी आणि पुस्तके मागे-पुढे असू द्यावीत. गालिचा, पडदा आणि पॅनेल मिळून आपण १६ वरून २८ च्या आसपास पोहोचतो, घुमारा ०.७ सेकंदांवर येतो. बैठकीच्या गाद्या आणि चार माणसे आली की तो आणखी उतरतो.

अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल यांवर वेळ दवडू नये. ट्रेचा पुठ्ठा पातळ असतो आणि थर्माकोलच्या बंद कणांत हवा शिरत नाही, त्यामुळे दोहोंचे शोषण किरकोळ असते, आणि आगीचा धोका मात्र वाढतो. त्याचप्रमाणे सगळ्या भिंतींवर पातळ कापड किंवा पातळ फोम लावण्याचा मोह टाळावा. पातळ थर फक्त उंच स्वर खातो. तानपुऱ्याची जवारी मरते, घुंगरू बोथट होतात आणि मधला-खालचा घुमारा जसाच्या तसा राहतो. कमी जागेत पण जाड थर, हे धोरण ठेवावे.

खर्ज

खालच्या स्वरांच्या लांब लहरी हॉलच्या मापांत अडकतात. ध्वनीचा वेग आपल्या हवामानात सेकंदाला सुमारे ३४६ मीटर धरला, तर ७.९ मीटर लांबीत २२ हर्ट्झच्या (सेकंदाला २२ कंपनांच्या) आसपास आणि तिच्या पटीत, ४.९ मीटर रुंदीत ३५ हर्ट्झला आणि ३.२ मीटर उंचीत ५४ हर्ट्झला अशा स्थिर लहरी उभ्या राहतात. हॉलमध्ये फिरताना काही ठिकाणी खर्ज दुप्पट आणि काही ठिकाणी नाहीसा वाटतो तो यामुळे. मोठ्या हॉलमध्ये हे स्वर लहान खोलीपेक्षा खाली आणि अधिक दाट असतात, म्हणून त्यांचा उपद्रव तुलनेने कमी होतो. तो आणखी कमी करण्यासाठी श्रोत्याने लांबीच्या अगदी मध्यावर आणि मागच्या भिंतीला टेकून, या दोन्ही ठिकाणी बसणे टाळावे. लांबीचा साधारण ३८ टक्के भाग ही सुरुवातीची चांगली जागा मानली जाते. आपली साडेदहा फुटांची जागा तिच्या अगदी जवळ आहे.

स्पीकरमागील भिंतीमुळे आणखी एक खड्डा पडतो. भिंत आणि स्पीकर यांमधील अंतर एक मीटर असेल तर भिंतीवरून परतलेली लहर ८६ हर्ट्झच्या आसपास मूळ लहरीला मारते. तो खड्डा पूर्ण जात नाही, पण वूफरपासून, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या भागापासून, मागची भिंत, बाजूची भिंत आणि फरशी ही तिन्ही अंतरे वेगवेगळी ठेवली तर तो उथळ होतो. तिन्ही अंतरे सारखी आली तर खड्डे एकाच जागी साठतात.

हे ऐकून तपासण्यासाठी डग्ग्यासारखे साधन नाही. एकल तबलावादनाचे चांगले ध्वनिमुद्रण लावावे आणि डग्ग्यावरील घिस्सा लक्ष देऊन ऐकावा. मनगटाच्या दाबाने स्वर खालून वर सरकतो तेव्हा त्याची जोरकसता सारखी राहायला हवी. मध्येच एखाद्या ठिकाणी तो फुगला तर तेथे हॉलची स्थिर लहर आहे. मध्येच बुडाला तर तेथे खड्डा आहे. श्रोत्याची जागा सहा-सहा इंचांनी पुढे-मागे करून पुन्हा ऐकावे. भजनातील पखवाजाचा ‘धुम’ हीसुद्धा चांगली परीक्षा आहे: तो उमटून थांबला पाहिजे, लोळत राहता कामा नये.

लहान स्पीकर एवढ्या हॉलला खालचा खर्ज पुरवू शकत नाहीत, तेथे सबवूफर, म्हणजे फक्त खर्जासाठीचा वेगळा स्पीकर, आवश्यक ठरतो. त्याची जागा शोधण्याची खात्रीची रीत अशी: सबवूफर तात्पुरता श्रोत्याच्या बसण्याच्या जागी ठेवावा, डग्ग्याचे तेच ध्वनिमुद्रण लावावे आणि स्वतः भिंतींच्या कडेने वाकून, कान सबवूफरच्या उंचीवर आणून हळूहळू फिरावे. जेथे खर्ज सर्वांत एकसारखा आणि स्पष्ट वाटेल तेथे सबवूफर ठेवावा. सबवूफरला ८० हर्ट्झपासून खालचे स्वर द्यावेत आणि त्याचा आवाज इतकाच ठेवावा की बंद केल्यावरच तो चालू होता हे कळावे. ऐपत असेल तर एका मोठ्या सबवूफरऐवजी दोन मध्यम घेऊन ते समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवावेत. काही स्थिर लहरी त्यामुळे परस्पर निकाली निघतात आणि एकाच नव्हे तर अनेक आसनांवर खर्ज सारखा मिळतो. दोन घरांत भिंत सामाईक असेल तर त्या भिंतीला सबवूफर लावू नये.

इक्वलायझरचा, म्हणजे निवडक स्वरांची जोरकसता कमी-जास्त करण्याच्या सोयीचा, उपयोग खर्जातील फुगवटे उतरवण्यापुरता करावा. खड्डा भरण्यासाठी स्वर चढवला तर अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती खर्च होते, वूफर दमतो, आणि परतलेली लहरही तेवढीच वाढल्याने खड्डा तसाच राहतो. मोजमाप करायचे असेल तर रूम ईक्यू विझार्ड हा मोफत संगणकीय कार्यक्रम आणि मोजणीसाठीचा मायक्रोफोन यांवर भरवसा ठेवावा. मोबाइलचा मायक्रोफोन खालच्या स्वरांत विश्वासार्ह नसतो.

कूलर, धूळ आणि वीज

मार्च ते जूनपर्यंत आपल्याकडे कूलरशिवाय निभाव लागत नाही आणि हॉलचा कूलर हा संगीताचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी असतो. शांत हॉलमध्ये ३५ डेसिबलच्या आसपास असणारा पार्श्वभूमीचा आवाज कूलर पूर्ण वेगात असताना सहज ५५ च्या पुढे जातो आणि त्याखालचे सगळे बारकावे, म्हणजे आलापातील श्वास, तानपुऱ्याचे विरणे, झाकून टाकतो. कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवावा, त्याचे पाय आणि स्टँड यांमध्ये रबर द्यावे, खिडकीच्या चौकटीला तो टेकू देऊ नये, आणि ऐकण्याआधी अर्धा तास पूर्ण वेगाने हॉल गार करून घेऊन नंतर सर्वांत कमी वेगावर आणावा. रात्री नऊनंतर बाहेर गारवा येतो तेव्हा तो बंद करून खिडक्या उघडाव्यात; सॅबाइनच्या मापाने त्या उघड्या खिडक्या आपल्याला फुकटचे शोषण देतात.

अ‍ॅम्प्लिफायरवर क्रोशाचे कापड टाकू नये आणि तो बंद कप्प्यात ठेवू नये. बाहेर ४२ अंश असताना त्याला वर किमान पाच-सहा इंच मोकळी हवा लागते. वूफरच्या कडेची पट्टी फोमची असेल तर काही वर्षांत तिचे तुकडे पडू लागतात. रबराची पट्टी आपल्या उन्हाळ्यात अधिक टिकते, म्हणून जुने स्पीकर विकत घेताना जाळी काढून ती पट्टी बोटाने हलकेच दाबून पाहावी.

स्पीकरांतून सतत ‘हूं’ असा आवाज येत असेल तर प्रथम डिश किंवा केबलची वायर टीव्हीपासून काढून पाहावी. आवाज थांबला तर दोष दोन अर्थिंगांमधील फरकाचा आहे. त्यावर उपाय म्हणून प्लगची तिसरी पिन कापणे जिवावर बेतू शकते. ते कदापि करू नये. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडून भेगाळली की अर्थिंगचा खड्डाही सुकतो, म्हणून त्यात आठवड्यातून एकदा पाणी ओतावे. वीज गेल्यावर हॉल इन्व्हर्टरवर चालत असेल आणि तेव्हाच गुणगुण वाढत असेल तर इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असणार. संगीतासाठी शुद्ध साइन लहरीचा इन्व्हर्टर हवा. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढून ठेवावीत, केवळ बटण बंद करून भागत नाही.

अ‍ॅम्प्लिफायर किती वॅटचा

आता खरेदीचा प्रश्न. समजा, स्पीकर एक वॅटला एक मीटरवर ८६ डेसिबल देतो. अडीच मीटरवर, म्हणजे आपल्या सव्वाआठ फुटांवर, ८ डेसिबल कमी होतात आणि दोन स्पीकर मिळून ३ वाढतात, म्हणजे एका वॅटला ८१ डेसिबल मिळतात. घरात मोठ्याने ऐकताना ठोक्यांची पातळी ९८ डेसिबलपर्यंत जाते असे धरले तर आणखी १७ डेसिबल हवेत, आणि त्यासाठी प्रत्येक बाजूला सुमारे ५० वॅट पुरतात. हाच श्रोता पाच मीटरवर बसला तर थेट आवाज ६ डेसिबलने कमी होतो आणि तोच परिणाम साधायला २०० वॅट लागतात. सोफा आठ फूट पुढे ओढल्याने चौपट शक्तीची खरेदी वाचते ती अशी. मात्र लग्नकार्य किंवा भजनी मंडळासाठी संपूर्ण हॉल भरायचा असेल तर हा हिशेब लागू पडत नाही. तेथे ९५ डेसिबलच्या आसपास संवेदनक्षमता (एक वॅटला एक मीटरवर मिळणारा आवाज) असलेले वेगळे स्पीकर लागतात.

डब्यावर छापलेले ‘पीएमपीओ’ वॅट, म्हणजे जाहिरातीसाठी फुगवलेला क्षणिक शक्तीचा आकडा, विचारातच घेऊ नयेत. ८ ओहमला, दोन्ही बाजू एकाच वेळी चालू असताना सलग मिळणारे वॅट (माहितीपत्रकातील ‘आरएमएस’ आकडा) किती, हे माहितीपत्रकात पाहावे आणि तो आकडा दुकानदाराला दाखवायला सांगावा. स्पीकरही बदलायचे असतील तर दुकानातील छोट्या, गालिचे घातलेल्या खोलीत ऐकून निर्णय घेऊ नये. आपल्या ओळखीचे तेच आकाशवाणीचे निवेदन आणि तोच डग्गा घेऊन, ठरवलेल्या खुणांवर स्पीकर मांडून, आपल्याच हॉलमध्ये ऐकावे. दोन दिवस घरी वाजवून न पटल्यास परत देण्याची अट पैसे देण्याआधीच घालावी आणि ती पावतीवर लिहून घ्यावी.